कॅटमरानचा तोल आणि खलाशांचे वजन

पावसाळा सरला की मुंबईच्या समुद्रात शिडाच्या छोट्या नावा पुन्हा दिसू लागतात. त्यांतील कॅटमरान म्हणजे दोन सडपातळ होड्या आडव्या नळ्यांनी जोडून, मधे ताणलेले जाळीदार कापड बसवलेली नाव. ‘होबी १६’ या सुप्रसिद्ध नमुन्याची लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि वजन साधारण १४५ किलो असते. तिच्यावरच्या दोघांचे वजन मिळून सहज १४० किलो भरते, म्हणजेच एकूण भारापैकी जवळपास निम्मा भार हवा तिथे सरकवता येतो.

सकाळच्या मंद मतलई वाऱ्यात पाण्याचा विरोध मुख्यतः घर्षणाचा असतो आणि तो भिजलेल्या पृष्ठभागाबरोबर वाढतो. अशा वेळी दोघांनीही डोलकाठीजवळ पुढे सरकावे आणि एकाने वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या होडीवर जावे, म्हणजे दुसरी होडी हलकी होते आणि पिछाडी पाण्यातून सुटते. खूण सोपी आहे: पिछाडीमागे पाणी खळखळत भोवरे करत असेल, तर वजन अजून मागेच आहे. मंद वाऱ्यातल्या या बारकाव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे मला वाटते.

दुपारी खारे वारे जोर धरतात, तेव्हा गणित बदलते. दोन होड्यांमधील अंतर सुमारे २ मीटर धरले, तर वाऱ्याआडच्या होडीभोवती नावेच्या वजनाचे आघूर्ण (वजन गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) १४५ × १, तर वाऱ्याकडच्या काठावर बसलेल्या दोघांचे १४० × २ येते. म्हणजे नाव उलटू न देण्याचे काम नावेपेक्षा माणसेच जवळपास दुप्पट करतात. डोलकाठीच्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून बाहेर झुकले, की हे अंतर आणखी वाढते.

मात्र वारा नावेला केवळ कलवत नाही. शिडावरचा जोर उंचावर आणि पाण्याचा विरोध खाली असल्याने वाऱ्याआडची नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्यात दाबली जाते, आणि निमुळत्या नाळेत तिला वर उचलण्याइतकी तरणशक्ती नसली तर नाव पुढच्या पुढे कोलांटी खाते. म्हणून वारा पाठीमागून किंवा बाजूने घेताना मागे सरकावे लागते. त्यातही दोघांनी एकमेकांना चिकटून बसावे, कारण वजन पुढे-मागे पसरले की नावेचे पुढे-मागे डुलण्याला विरोध करणारे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि मांडव्याच्या लाँचने उठवलेल्या लाटांवर नाळ वेळेवर उचलत नाही. पाण्यावर झोताची गडद छटा जवळ येताना दिसली, की झोत पोहोचण्यापूर्वीच, हिसका न देता मागे सरकावे आणि तरीही नाळ बुडू लागली तर शिडाचा दोर सैल सोडावा.