शीट पाइल भिंत

शीट पाइल भिंत : दोन्ही कडांना खोबण आणि आकडा असलेल्या पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून जमिनीत उभ्या ठोकल्या असता तयार होणारी सलग, पातळ भिंत. पायाच्या खोदाईभोवतीची माती व पाणी रोखणे, धक्क्याची दर्शनी भिंत उभारणे आणि नदीपात्रात कॉफरडॅम (आतले पाणी उपसून कोरड्यात काम करता यावे म्हणून घातलेला तात्पुरता बांध) बांधणे हे तिचे नेहमीचे उपयोग. नेहमीचा पाइल (जमिनीत ठोकलेला खांब) वरून येणारा भार खालच्या थरांकडे नेतो. शीट पाइलवर भार बाजूने येतो व तो वाकतो. म्हणून त्याचा अभिकल्प (आकार व मापे ठरविण्याचे गणित) खांबापेक्षा उभ्या तुळईच्या अभिकल्पाला जवळचा आहे. मात्र या तुळईवरचा भार आणि तिचा आधार ही दोन्ही एकाच मातीतून येतात, आणि तुळई किती हलते त्यानुसार दोन्ही बदलतात.

पूर्वेतिहास व प्राथम्याचा प्रश्न : खुंट ठोकून पाणी अडविण्याची युक्ती प्राचीन आहे. व्हिट्रुव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकात लिहिलेल्या वास्तुविद्येवरील ग्रंथाच्या पाचव्या भागात बंदराच्या कामासाठी खुंटांच्या दुहेरी रांगा, त्यांना बांधणारे आडवे बंध आणि मधल्या पोकळीत ठासलेली चिकणमाती यांचे वर्णन केले आहे. पुढे खोबण व जीभ पाडलेल्या लाकडी फळ्या रूढ झाल्या. धातूचा वापर ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा १८२० नंतरच्या दशकात सुरू झाला. बिडाच्या पाइलनी बांधावयाच्या कॉफरडॅमचे पीटर एवार्ट यांचे पेटंट याच काळातले. परंतु बीड ठिसूळ असते, घणाच्या आघाताने तडकते. त्यामुळे कल्पना योग्य असूनही ती पसरली नाही.

आज वापरतात तो पोलादी शीट पाइल प्रथम कोणी केला, याचे उत्तर ‘शीट पाइल’ कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. लाटलेल्या पोलादाचा आणि एकमेकांत अडकणारा पाइल एवढीच अट घातली, तर मान अमेरिकेकडे जातो. तेथे १९०० च्या सुमारास, विशेषतः शिकागो परिसरात, चॅनेल (पन्हळीसारख्या) व आय (इंग्रजी I सारख्या) आकाराच्या तुळयांना रिव्हेटने पट्ट्या जोडून केलेले पाइल वापरात होते. जर्मन लेखक हा मान ब्रेमेनचे शासकीय अभियंते ट्रिग्वे लार्सेन यांना देतात. लार्सेन यांच्या पन्हळीच्या आकाराच्या पाइलची भिंत १९०२ मध्ये ब्रेमेनच्या होहेनटोर्सहाफेन या गोदीत उभी राहिली. पण या पहिल्या पाइलमध्येही सांध्याचा एक भाग स्वतंत्र लाटून रिव्हेटने बसविलेला होता. छेदाबरोबरच लाटून निघणारा दुहेरी आकड्याचा सांधा नंतरचा, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा आहे. सांधा हीच कसोटी मानणारे म्हणूनच १९०२ हे वर्ष स्वीकारताना थोडे अडखळतात.

या वादात एक मुद्दा मागे पडतो. लार्सेन यांचे खरे योगदान सांध्यापेक्षा आकारात आहे. पन्हळी आलटून-पालटून, एक उताणी आणि एक पालथी अशा लावल्या की भिंतीला खोली मिळते आणि थोड्या पोलादात वाकण्याविरुद्ध मोठी ताकद येते. सुरुवातीचे अनेक अमेरिकन पाइल सपाट होते. ते ताणात बळकट पण वाकण्यात दुबळे. दोन्ही परंपरांचे पुढचे मार्ग यातूनच ठरलेले दिसतात. पन्हळी पाइल भिंतींसाठी स्थिरावला, तर सपाट पाइल वर्तुळाकार कोठ्यांच्या (पाइलचे कडे करून आत वाळू भरलेल्या) कॉफरडॅमसाठी. अमेरिकेतील बफेलो येथील ब्लॅक रॉक जलपाशाचे (नौका एका पाणपातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाचे) काम हे कोठ्यांच्या कॉफरडॅमचे आरंभीचे उदाहरण मानतात. त्यानंतर हवानाच्या बंदरात १८९८ मध्ये बुडालेली ‘मेन’ ही युद्धनौका वर काढण्यासाठी १९१०–१२ या काळात तिच्याभोवती सुमारे १५ मी. व्यासाच्या २० कोठ्यांचे कडे उभारले गेले. आतले पाणी उपसू लागताच कोठ्या आतल्या बाजूला सरकू लागल्या आणि त्यांच्या पायथ्याशी दगड टाकावा लागला.

सांधा व छेद : पाइलचे तीन छेद (आडवे कापल्यास दिसणारे आकार) प्रमुख आहेत : यू, झेड आणि सपाट. झेड छेदात सांधा भिंतीच्या बाह्य पृष्ठाशी असतो, यू छेदात तो भिंतीच्या मध्यरेषेवर, म्हणजे उदासीन अक्षावर (वाकताना जेथे ताणही नसतो आणि दाबही नसतो त्या रेषेवर) येतो. वाकणाऱ्या तुळईत कर्तन प्रतिबल (थर एकमेकांवरून घसरवू पाहणारे) सर्वांत जास्त याच अक्षावर असते. म्हणजे यू पाइलचा सांधा नेमका अशा जागी आहे, जेथे त्याने घसरता कामा नये.

एकावर एक ठेवलेल्या दोन सारख्या फळ्यांवरून हे सहज कळते. फळ्या चिकटवलेल्या असल्या तर जी ताकद मिळते, तिच्या निम्मीच सुट्या फळ्यांत मिळते, आणि कडकपणा तर चौथाईवर येतो. यू पाइलच्या भिंतीतही सांधे मोकळेपणी घसरले, तर छेद गुणांक (वाकण्याविरुद्धच्या ताकदीचे माप) निम्म्याहून खाली आणि जडत्व परिबल (कडकपणाचे माप) त्याहूनही खाली येऊ शकते. उत्पादकांच्या तक्त्यांतील आकडे मात्र परंपरेने पूर्ण एकसंध भिंतीचे असतात.

या प्रश्नावर जर्मन अभियंत्यांत १९३० च्या दशकापासून चर्चा आहे. सांधा घसरत नाही, असे म्हणणाऱ्यांचा आधार अनुभवाचा आहे. ठोकताना सांध्यात वाळूचे कण शिरतात, गंज चढतो, माथ्यावर काँक्रीटची तुळई ओतली जाते, आणि पूर्ण गुणांक धरून बांधलेल्या असंख्य भिंती दशकानुदशके उभ्या आहेत. विरुद्ध बाजू म्हणते, की मऊ चिकणमातीत किंवा पाण्यातून ठोकलेल्या पाइलच्या सांध्यात कण जवळजवळ नसतात, गळती रोखण्यासाठी घातलेले वंगणासारखे पदार्थ घर्षण आणखी कमी करतात, आणि जोडीने ठोकलेले यू पाइल तिरप्या दिशेने वाकू लागतात. जुन्या भिंती टिकल्या त्या बहुधा मातीच्या दाबाच्या सढळ अंदाजामुळे. युरोपीय संहितेच्या पोलादी पाइलविषयक भागाने (युरोकोड ३, भाग ५, २००७) ताकद व कडकपणा यांसाठी दोन वेगळे न्यूनकारक गुणांक आणले. त्यांची मूल्ये मात्र प्रत्येक देशावर सोपविली. हा तोडगा तडजोडीचा असला तरी तांत्रिक दृष्ट्या अधिक सावध बाजू हीच होय. कारखान्यातच सांधा ठरावीक अंतरावर चेपून किंवा वेल्ड करून जोड्या पाठविण्याची पद्धतही याच शंकेतून आली. झेड पाइलला ही अडचण नाही. तो एकटा ठोकताना फिरतो, म्हणून तोही जोडीनेच ठोकतात.

सपाट पाइलच्या सांध्याचे काम वेगळे आहे. कोठीत भरलेली वाळू कडे बाहेर ढकलते. प्रतिमीटर ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. १० मी. त्रिज्या आणि १०० किलोन्यूटन प्रति चौ. मी. दाब असता सांध्यावर प्रतिमीटर १,००० किलोन्यूटन ओढ येते. सांधा उसवला की कोठी रिकामी होते आणि शेजारच्या कोठ्याही धोक्यात येतात.

मातीचा दाब : पाया दोन जुन्या सिद्धांतांवर आहे : कूलाँ (१७७६) आणि रँकिन (१८५७). भिंत मातीपासून दूर सरकली की माती सक्रिय दाब देते, मातीत घुसू लागली की प्रतिरोधी दाब. घर्षणकोन (कणांमधील घर्षणाचे माप) ३०° असलेल्या वाळूत रँकिनप्रमाणे सक्रिय गुणांक १/३ आणि प्रतिरोधी गुणांक ३ येतो. ही नऊपट तफावत हेच शीट पाइलचे भांडवल आहे. पण सक्रिय दाब थोड्याशा हालचालीत येतो आणि प्रतिरोधी दाब पूर्ण मिळण्यास बरीच अधिक हालचाल लागते.

वरून आधार नसलेल्या भिंतीचे साधे गणित असे : ४ मी. खोदाई, १८ किलोन्यूटन प्रति घ. मी. वजनाची कोरडी वाळू, घर्षणकोन ३०°. टोकाभोवतीची परिबले (बल गुणिले अंतर) समान धरली, तर खोदाईच्या तळाखाली ३.७ मी. लांबी लागते. टोकाशी उलट दिशेने येणारा दाब एकवटलेल्या बलाने दाखविण्याची आणि लांबी सुमारे २० टक्क्यांनी वाढविण्याची हेर्मान ब्लूम यांची पद्धत (१९३१) लावली, की ती सुमारे ४.४ मी. होते. सर्वाधिक नमन परिबल (भिंत वाकवणारे परिबल) तळाखाली २ मी. वर, प्रतिमीटर १४४ किलोन्यूटन-मीटर येते. १६० न्यूटन प्रति चौ. मिमी. प्रतिबल चालत असेल तर प्रतिमीटर ९०० घ. सेंमी. छेद गुणांक पुरतो. हे आकडे सुरक्षा गुणकाशिवायचे आहेत. प्रतिरोधी दाब दीडने भागला की गाडलेली लांबी सुमारे ५.९ मी. आणि परिबल सुमारे १८३ होते. उंची दुप्पट झाली तर परिबल आठपट आणि, तोच छेद ठेवल्यास, विचलन बत्तीसपट होते. आधाराविना भिंत ४–५ मी. च्या वर क्वचितच नेतात त्याचे कारण हेच.

नांगरलेल्या भिंती : माथ्याजवळ टाय रॉडने (ताण घेणाऱ्या पोलादी दांड्याने) मागच्या नांगर-भिंतीला बांधलेल्या भिंतीचे दोन टोकाचे विचार आहेत. टोक मोकळे फिरते असे धरले तर लांबी कमी व परिबल जास्त येते. टोक जखडलेले धरले तर याच्या उलट. वास्तव मधे कोठे तरी असते, आणि ते नेमके कोठे, हा विसाव्या शतकाच्या मध्यावरचा मोठा वाद आहे. डॅनिश अभियंत्यांनी फार बारीक भिंती टिकलेल्या पाहून, वाकलेल्या भिंतीमागील माती कमानीसारखी वागते व मधला दाब दोन्ही टोकांकडे सरकतो, असे मानले. प्रिन्स्टन येथे चेबोटारिऑफ यांनी १९४० च्या दशकात केलेल्या मोठ्या प्रतिकृतींच्या प्रयोगांत, नांगर जरासा सरकला तरी ही कमान मोडते असे दिसले. पी. डब्ल्यू. रो यांनी १९५२ मध्ये परिबलातली घट खरी असली तरी तिचे कारण वेगळे असल्याचे दाखविले. लवचिक भिंत तळाखाली वळते, त्यामुळे प्रतिरोधी दाबाचा केंद्रबिंदू वर सरकतो आणि प्रत्यक्ष गाळा (दोन आधारांमधील अंतर) आखूड होतो. म्हणून परिबलातली कपात भिंतीच्या लवचिकतेवर, उंचीचा चतुर्थ घात भागिले कडकपणा या राशीवर, ठरते. मृदा यांत्रिकीचे प्रणेते कार्ल टेर्झागी यांनी १९५४ च्या निबंधात रो यांच्याच बाजूने कौल दिला आणि तो आजही ग्राह्य आहे. ही कपात मुळात वाळूसाठी आहे. मऊ चिकणमातीत ती जशीच्या तशी लावता येत नाही.

पाणी : अभिकल्पकाने मातीपेक्षा पाण्याची चिंता अधिक करावी. वरच्या उदाहरणात ४ मी. खोलीवर वाळूचा सक्रिय दाब २४ किलोन्यूटन प्रति चौ. मी. आहे. तेवढ्याच उंचीचे पाणी मागे साचले, तर एकट्या पाण्याचा दाब सुमारे ४० होतो. ओहोटीच्या वेळी भिंतीमागचे पाणी समुद्राच्या वेगाने उतरत नाही, म्हणून धक्क्याच्या भिंतींत हा फरक धरावाच लागतो.

कॉफरडॅममध्ये आतले पाणी उपसले की बाहेरचे पाणी टोकाखालून वळून वर येते. वर येणाऱ्या पाण्याचा उतार (पाण्याच्या दाबउंचीतील घट भागिले मार्गाची लांबी) सुमारे १ झाला, की वाळूचे कण तरंगू लागतात आणि तळ उकळल्यासारखा फुगतो. टेर्झागी यांनी १९२२ मध्ये दाखविले, की उचलला जाणारा पट्टा गाडलेल्या लांबीच्या साधारण निम्म्या रुंदीचा असतो. त्याचे पाण्यातील वजन आणि तळाशी येणारा उचल दाब यांची तुलना हीच आजही रूढ तपासणी आहे. कित्येकदा पाइलची लांबी यावरूनच ठरते, मातीच्या दाबावरून नव्हे. सांध्यांतून होणारी गळती बिट्युमेन किंवा पाण्याने फुगणाऱ्या द्रव्याने कमी करता येते. ती गणितात धरताना सांध्याला जाडी न देता त्याच्या प्रतिरोधाचा एक गुणांक वापरतात.

बांधणीचे टप्पे : खोल खोदाईत आडव्या तुळया व आडवे टेकू थरांथरांनी बसवतात. सर्वाधिक परिबल पूर्ण झालेल्या खोदाईत येईलच असे नाही. पुढचा टेकू बसण्याआधीची किंवा पाया ओतल्यावर खालचा टेकू काढतानाची अवस्था अनेकदा अधिक कठीण ठरते. तपासणी प्रत्येक टप्प्याची हवी.

छेदाची निवड पुष्कळदा ठोकण्याच्या सोयीने होते. गणिताने पुरेसा ठरलेला हलका पाइल कठीण थरात वाकतो किंवा सांध्यातून सुटतो, आणि सुटलेला सांधा जमिनीखाली असल्याने वरून दिसत नाही. पाइल ठोकण्याच्या दिशेने कलतात. मार्गदर्शक चौकटीत गटाने उभे करून टप्प्याटप्प्याने ठोकल्यास हे आवरते. घण व कंपनयंत्र यांच्या जोडीला, आधी रोवलेल्या पाइलना पकडून पुढचा दाबत नेणारे यंत्र जपानमध्ये १९७५ मध्ये आले. त्यामुळे वस्तीच्या जागी आवाज व हादरे टळतात.

गंज : न हललेल्या नैसर्गिक मातीत गंज अगदी मंद असतो, हे रोमानॉफ यांनी उपसून काढलेल्या जुन्या पाइलच्या पाहणीतून १९६२ मध्ये मांडले. युरोकोड ५० वर्षांसाठी अशा मातीत ०.६ मिमी., तर समशीतोष्ण हवामानात समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या पट्ट्यात ३.७५ मिमी. घट धरते. हा पट्टा आणि सर्वाधिक परिबलाची जागा बहुधा वेगळ्या असतात, म्हणून संपूर्ण लांबीवर एकच घट धरणे उधळपट्टीचे ठरते. ओहोटीच्या रेषेलगत जिवाणूंमुळे होणारा जलद गंज मात्र या तक्त्यांत बसत नाही. तात्पुरत्या कामात गंजाचा विचार करीत नाहीत. तेथे पाइल उपसून पुन्हा वापरतात, आणि पुढच्या कामावर नेण्याआधी सांधे सरळ आहेत की नाहीत हे पाइलचा एक छोटा तुकडा त्यातून सरकवून पाहतात.