फ्रेमची वाट बघणारा पडदा

सेकंदाला ६० वेळा ताजं होण्याचा ठेका एलसीडीला काचेच्या नळीच्या पडद्यांकडून वारशाने मिळाला. त्या पडद्यांत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने खाली उतरायचा आणि पुन्हा वर जायला त्याला थोडा वेळ लागायचा. झोत इतिहासजमा झाला, पण तो रिकामा वेळ, म्हणजे व्हर्टिकल ब्लँकिंग, सिग्नलमध्ये तसाच राहिला. व्हीआरआरची (व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्याने ठराविक ठेका सोडून गेमच्या वेगाने ताजं होणं) सगळी करामत इथेच आहे: पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, तयार नसेल तर हा रिकामा वेळ ताणायचा.

त्याआधी गेम खेळणाऱ्यापुढे दोनच वाटा होत्या. व्ही-सिंक, म्हणजे पडदा पूर्ण रंगेपर्यंत नवी फ्रेम थांबवून ठेवणारी सोय, बंद ठेवलं तर पडदा अर्धा रंगलेला असतानाच नवी फ्रेम घुसते आणि चित्र आडवं फाटतं. चालू ठेवलं तर ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंदांची मुदत. १७ लागले की जुनीच फ्रेम पुन्हा दिसते, नवी थेट ३३.३ला. सरासरी ५५ फ्रेम देणारा गेमही अडखळतो तो यामुळेच.

ऑक्टोबर २०१३मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक नावाने आपलं व्हीआरआर जाहीर केलं. मॉनिटरमधला नेहमीचा स्केलर (आलेलं चित्र पॅनेलला जुळवून देणारी चिप) काढून तिथे एफपीजीए, म्हणजे हवी तशी जुळवता येणारी चिप, आणि ७६८ एमबी मेमरीचा बोर्ड बसवायचा, असा तो महागडा मामला होता. जानेवारी २०१४मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने साध्या लॅपटॉपवर तेच करून दाखवलं, कारण लॅपटॉपच्या पॅनेलजोडणीत वीज वाचवण्यासाठी ब्लँकिंग बदलायची सोय आधीपासूनच होती. मे २०१४मध्ये पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने ती अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक नावाने मॉनिटरजोडणीच्या डिस्प्लेपोर्ट १.२ए मानकात घेतली, आणि जानेवारी २०१९मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरना खुली केली.

वेगळा बोर्ड न लागणाऱ्या या वाटेला एक खोट होती, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसायची: रेंज, म्हणजे पडदा किती ते किती हर्ट्झमध्ये वेग बदलू शकतो ते. समजा मॉनिटर ४८ ते ७५ हर्ट्झ चालतो आणि गेम ४० फ्रेमवर घसरला. पडदा ४८च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची तर ८० हर्ट्झ हवेत. ते ७५च्या वर, म्हणजे फाटणं नाहीतर अडखळणं परत आलं. तोच खेळ ४८ ते १४४च्या मॉनिटरवर ८० हर्ट्झला बिनबोभाट चालतो. म्हणून वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा, आणि थोडा जास्त असला तर उत्तम. वरच्या टोकालाही काळजी लागते: १४४ हर्ट्झवर फ्रेमची मर्यादा १४०च्या आसपास ठेवावी, नाहीतर गेम रेंजबाहेर जाऊन पुन्हा व्ही-सिंकच्या रांगेत उभा राहतो आणि माउस जड वाटू लागतो.

दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत हे पोचलं ते टीव्हीजोडणीच्या २०१७च्या एचडीएमआय २.१ मानकामुळे. एक्सबॉक्सने २०१८मध्येच व्हीआरआर दिलं, प्लेस्टेशन ५ला एप्रिल २०२२ उजाडला. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २मध्ये ते हातातल्या पडद्यावर मिळालं. डॉकमधून टीव्हीवर मात्र नाही.

सध्याची डोकेदुखी ओएलईडीची, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पडद्यांची. पॅनेलचा गॅमा (सिग्नलच्या कुठल्या पातळीला किती उजेड ते गणित) ठराविक रेटला जुळवलेला असतो. रेट एकदम खाली आला की पिक्सेल जास्त वेळ तोच भार धरून बसतो आणि त्याचा उजेड किंचित बदलतो. भर उजेडाच्या दृश्यात ते कळतही नाही. लोडिंग स्क्रीनवरचा गडद राखाडी रंग मात्र लुकलुकतो, कारण फ्रेमचा वेग सर्वात जास्त तिथेच उड्या मारतो. नवा मॉनिटर तपासायचा तर आधी तीच स्क्रीन, खोलीतला दिवा घालवून, बघावी.