रेशनच्या तांदळातला पिवळसर दाणा आणि ‘चायना’ची अफवा

रेशनचा तांदूळ सुपात घेतला की त्यात काही दाणे वेगळे दिसतात. रंग किंचित पिवळसर, आकार सगळ्यांचा एकसारखा, आणि पाण्यात टाकले की त्यातले बरेच वर तरंगतात. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे दाणे ‘चायनाचा प्लास्टिक तांदूळ’ म्हणून निवडून फेकले जातात. दाणा वेगळा आहे, हे पाहणाऱ्या बाईचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. चुकतं ते कारण. परक्या देशांच्या खाण्याबद्दलच्या बऱ्याच अफवांचं मूळ असंच असतं: डोळ्यांना किंवा नाकाला जाणवलेली एक खरी गोष्ट, तिचा खुलासा कुणीच न करणं, आणि मग ती रिकामी जागा एखाद्या दूरच्या देशाच्या नावाने भरून निघणं. म्हणून ‘अडाणी लोक काहीही मानतात’ असं म्हणून हात झटकणं आम्हाला चुकीचं वाटतं. जे दिसलं त्याचा खुलासा झाला पाहिजे.

तो पिवळसर दाणा म्हणजे फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक मिसळलेला तांदूळ. तांदळाची कणी दळून पीठ करतात. त्यात फेरिक पायरोफॉस्फेट या रूपातलं लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, पाणी घालून मळतात आणि तापलेल्या यंत्रातून तांदळाच्या आकाराच्या छिद्रांवाटे दाबून काढतात. मग कापून वाळवतात. साच्यातून आल्यामुळे सगळे दाणे एकसारखे दिसतात. वाळताना आत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून दाणा हलका होतो आणि तरंगतो. पिवळेपणा मिसळलेल्या घटकांमुळे आणि उष्णतेमुळे येतो. असे १ किलो दाणे १०० किलो साध्या तांदळात मिसळले जातात. अशा मिश्र तांदळाच्या एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२ असावं, असं अन्नसुरक्षेचं मानक सांगतं.

आता हिशेब बघा. शंभरातला तो एक दाणा निवडून टाकला की मिसळलेलं सगळं लोह गेलं. उरला तो साधा तांदूळ. असा फोर्टिफाइड तांदूळ देण्याच्या सरकारी योजनेची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला झाली आणि मार्च २०२४ पर्यंत रेशन, शालेय पोषण आहार आणि अंगणवाडी अशा सगळीकडे हा तांदूळ पोहोचला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. पोत्यावर छापलेला मजकूर सुपापर्यंत पोहोचत नाही, आणि दुकानदाराने दोन वाक्यांत सांगितलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप सांगतं. (घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याच्या लोहाच्या सेवनाबद्दल डॉक्टरांना विचारावं, तो वेगळा आणि खरा प्रश्न आहे.) परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं. उद्देश तोच. पण तिथे लोह कणसातच तयार होतं, वेगळा दाणा मिसळावा लागत नाही आणि डोळ्याला काही खटकत नाही.

दुसरा ‘पुरावा’ म्हणजे भाताचा चेंडू. मूठभर भात दाबून गोळा केला, ओट्यावर आपटला, उसळला, म्हणजे प्लास्टिक! तांदळात भरपूर स्टार्च असतं. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. गार होताना त्यांतल्या लांब साखळ्या एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून घट्ट दाबलेला गोळा लवचिक बनतो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसला की त्यात कढत पाणी घालून उकड काढतात आणि मग भाकरी थापताना तुटत नाही, ते याच गुणामुळे. चांगला भात उसळतोच.

ही अफवा आपल्याकडेच आहे असं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियात लागोसला सीमाशुल्क खात्याने सुमारे अडीच टन ‘प्लास्टिक तांदूळ’ पकडला. तिथल्या अन्न-औषध संस्थेने तपासला तेव्हा प्लास्टिक निघालं नाही. मात्र जिवाणूंचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं. माल खरोखरच खाण्याजोगा नव्हता, पण सगळ्यांचं लक्ष भलत्याच गोष्टीकडे होतं. जून २०१७ मध्ये नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात अशाच तक्रारी झाल्या आणि तपासणीत तांदूळच निघाला.

घरी खात्री करायची तर पाण्यात तरंगण्याची परीक्षा उपयोगाची नाही. पोकळ किंवा किडका साधा दाणाही तरंगतो. जाळून बघणंही नको. स्टार्च काळं पडतं आणि त्याचा भलता अर्थ लावला जातो. शंका असलेले दहा दाणे उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. तांदूळ, मग तो फोर्टिफाइड का असेना, फुगतो आणि दोन बोटांत चिरडतो. प्लास्टिक पाणी शोषत नाही, त्यामुळे त्याचा भात होऊच शकत नाही. दुसरी परीक्षा आयोडीनची. टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब दहा थेंब पाण्यात मिसळा, दाणा धुऊन ब्लेडने कापा आणि कापलेल्या बाजूवर थेंब सोडा. निळा-काळा रंग आला की ते स्टार्च. दाणा न धुता थेंब टाकला तर वर चिकटलेल्या तांदळाच्या पिठामुळे कुठलाही मणी निळा दिसेल. गरम भातावर थेंब टाकला तर रंग येणारच नाही, कारण उष्णतेने तो उडतो. तपासलेले दाणे खाऊ नयेत.

चिनी लोक घोड्याच्या मुतात अंडी मुरवतात, ही अफवा याहून जुनी आहे. या काळपट अंड्याला पीदान म्हणतात, आणि त्याला अमोनियाचा वास येतो हे अगदी खरं. पारंपरिक रीतीत बदकाची अंडी चुना, लाकडाची राख, मीठ, चहाचा अर्क आणि माती यांच्या लगद्यात माखून भाताच्या तुसात घोळवतात आणि कित्येक आठवडे ठेवतात. हल्ली साधारण ४ ते ५ टक्के कॉस्टिक सोडा आणि मिठाच्या द्रावणात बुडवतात. क्षार कवचातून आत शिरतो आणि उष्णतेशिवायच पांढरा बलक गोठवतो. त्याच वेळी प्रथिनं तुटून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात. वास येतो तो यांचा. हायड्रोजन सल्फाइड आणि बलकातलं लोह मिळून पिवळा बलक हिरवट-काळा होतो. क्षार जास्त झाला तर गोठलेला पांढरा भाग पुन्हा पातळ होतो आणि अंडं वाया जातं. मुताने यातलं काहीच साधणार नाही, त्याचा क्षार फार सौम्य असतो. खरी गडबड झाली ती वेगळीच: २०१३ मध्ये च्यांगशी प्रांतात काही कारखाने लवकर अंडी तयार व्हावीत म्हणून औद्योगिक कॉपर सल्फेट वापरताना सापडले आणि सरकारने कारखाने बंद केले.

अजिनोमोटोचंही तसंच. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चव देणारा घटक, वेगळं काढलं. आज ते ऊस-मक्याच्या साखरेवर किंवा मळीवर जिवाणू वाढवून, आंबवून बनवतात. टोमॅटोतही ते असतं. चायनीजच्या गाडीवर खाल्ल्यावर डोकं दुखतं, १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे हा ठपका ग्लुटामेटवर बसला. पण कोणाला काय दिलं हे खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत नसलेल्या चाचण्यांत, जेवणातल्या नेहमीच्या मात्रेला तसा ठाम परिणाम दिसला नाही. त्या ताटातलं मीठ आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल यांकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

२०२० च्या सुरुवातीला वटवाघळाच्या सूपचा व्हिडिओ फिरला तो वूहानचा नव्हताच. २०१६ साली पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर चित्रित झालेला होता. त्याच लाटेत ‘कोंबडीतून कोरोना’ आला आणि महाराष्ट्रात ब्रॉयलरचे दर उत्पादनखर्चाच्या खाली गेले. कुणी कोंबड्या फुकट वाटल्या. कोंबडीखाद्यात सोयापेंड आणि मका जातो, त्यामुळे झळ सोयाबीनच्या भावालाही लागली.

अशा गोष्टी इतक्या वेगाने का पसरतात यावर २००१ मध्ये अमेरिकेत चिप हीथ आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. एकाच दंतकथेचे कमी-जास्त किळसवाणे अवतार लोकांना दिले, तर जास्त किळसवाणा अवतार पुढे सांगायला लोक जास्त तयार होते. किळस हे शरीराचं जुनं संरक्षण आहे. नासलेल्या अन्नापासून ती आपल्याला वाचवते. पण ती खरं-खोटं पाहत नाही.

तांदळाबद्दल शंका तरीही राहिली तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ४० वापरा. खरेदी करतानाच दुकानदाराला ‘मी हा नमुना तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं, आणि मग ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. नमुन्यात दोष निघाला तर फी परत मिळते.