डेमो फुकट, हप्ता चोवीस महिने: घरी येऊन शिकवणी विकण्याच्या धंद्याची पार्श्वभूमी

घरात पाचवी ते दहावीतलं पोरगं असलं की हा फोन कधी ना कधी येतोच. "मॅडम, तुमच्या मुलानं शाळेतल्या टेस्टमध्ये छान स्कोर केलाय, आमचे सर घरी येऊन फ्री सेशन देतील, फक्त दोघं पालक घरी असाल तीच वेळ सांगा." आता ही दोघांची अट कशाला ते पुढं येईलच, पण आधी थोडं मागं जाऊ, कारण हे सगळं ॲपवाल्यांनीच काढलं असं लोकांना वाटतं आणि ते खरं नाही.

आपल्या सोलापुरात शिकवणी तशी जुनीच. साखर पेठेत काय, मुरारजी पेठेत काय, शाळेतून रिटायर झालेले नाहीतर नोकरीतच असलेले मास्तर घरी दहा-बारा पोरं घेऊन बसायचे, फी महिन्याच्या महिन्याला, तीपण कधी दहा तारखेला कधी वीसला, आणि पोरगं काही शिकेना असं वाटलं की आई पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मास्तरांकडं पाठवायची. भांडण नाही, कागद नाही. मास्तरला पुढच्या महिन्याची फी हवी असेल तर या महिन्यात शिकवावं लागायचं, एवढं साधं गणित होतं. पूर्व भागात तर तेलुगू घरातलं पोर मराठी शाळेत आणि शिकवणी कन्नड बोलणाऱ्या बाईंकडं असलाही प्रकार चालायचा आणि कुणाचं काही अडायचं नाही. सांगायचा मुद्दा हा की पैसे हळूहळू जायचे आणि थांबवायची सोय आईच्या हातात होती. पुढं जे काही बिघडलं ते इथंच बिघडलं.

दारावर शिक्षण विकायची रीत अमेरिकेत पार मुरलेली होती. ब्रिटानिका हा ज्ञानकोश १७६८ साली एडिनबरात सुरू झाला, पण विसाव्या शतकात त्याची खरी विक्री झाली ती अमेरिकेतल्या मध्यमवर्गाच्या बैठकीत, संध्याकाळी, नवरा-बायको समोर बसलेले असताना, हप्त्यावर. पुस्तकं कितीजणांनी उघडली देव जाणे. विक्रेते दारात आल्यावर विकायला आलोय असं सांगायचेच नाहीत, सर्व्हे करतोय म्हणायचे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं शेवटी १९७६ मध्ये कंपनीला आदेश दिला की माणसानं दारातच कार्ड दाखवायचं आणि आपण विक्री प्रतिनिधी आहोत हे त्यावर स्पष्ट छापलेलं पाहिजे. त्याआधी १९७४ पासून तिथं आणखी एक नियम लागू झाला होता, घरी येऊन विकलेली वस्तू कामकाजाच्या तीन दिवसांत कारण न देता रद्द करता येते. हा तीन दिवसांचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. ब्रिटानिकानं घरोघरची विक्री १९९६ ला बंद केली आणि छापील कोश २०१२ ला.

जपानचा किस्सा तर आपल्या जास्त जवळचा वाटतो. तिकडं होम ट्यूटर लावून देतो म्हणायचं आणि त्याच्यासोबत महागड्या पुस्तकांचा गठ्ठा गळ्यात मारायचा, मग ट्यूटर आवडला नाही म्हणून थांबवायला गेलं की "ट्यूटर बंद करा पण पुस्तकांचे पैसे द्यावेच लागतील" असं उत्तर. १९९९ च्या दुरुस्तीत त्यांनी होम ट्यूटर, क्लास, भाषेचे वर्ग वगैरे धंदे नाव घेऊनच कायद्यात आणले. दोन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा आणि पन्नास हजार येनच्या वरचा करार असेल तर आठ दिवसांत रद्द करता येतो, आणि नंतर मध्येच सोडला तरी सोबतच्या पुस्तकांचा सौदाही सोडता येतो. ही शेवटची ओळ ज्यानं कुणी लिहिली असेल त्यानं तक्रारी नीट वाचल्या होत्या एवढं नक्की. आपल्याकडं पुस्तकांच्या जागी टॅब आला, एवढाच फरक.

भारतात घरी येऊन डेमो द्यायची सवय लावली ती व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी शुद्ध करायच्या मशीनवाल्यांनी, ऐंशीच्या दशकात, टाय लावलेली पोरं बॅग घेऊन यायची. मग इंग्रजी बोलायच्या कॅसेट, मग सिलॅबसच्या सीडी, ॲबॅकस. हे सगळं आपल्याकडं आलं पण फार खोल गेलं नाही, कारण पैसे रोख द्यायला लागायचे आणि रोख देताना माणूस विचार करतो.

भीती मात्र तयार होत होती. शेजारच्या लातूरचा पॅटर्न ऐकून इथले पालक आधीच निम्मे घाबरलेले, कुणाची पोरगी दहावी झाली की "लातूरला टाकणार का" हा प्रश्न ठरलेला. २०१६ ला मेडिकलसाठी नीट सक्तीची झाली आणि बारावीचे मार्क बाजूला पडले. त्याच सुमारास स्कॉलरशिपची परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली. जे आईबाप स्वतः सातवी-आठवीपर्यंत शिकलेत, दिवसभर लूमवर नाहीतर विड्या वळत बसलेत, त्यांना एवढंच कळत होतं की नियम बदललेत आणि आपल्याला त्यातलं काही कळत नाही. विकणाऱ्याला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

मग आली ती खरी गोष्ट, कर्ज. शिकवणीचं ॲप विकणाऱ्या बायजूसची कंपनी २०११ ची, ॲप आलं २०१५ ला, २०१७ ला शाहरुख खान जाहिरातीत, २०१९ ला टीम इंडियाच्या जर्सीवर नाव. लोक जर्सी बघत होते, पण या क्षेत्रातला खरा बदल हप्त्याच्या फॉर्ममध्ये होता. तुम्ही सही करता, ओटीपी देता, त्याच आठवड्यात फायनान्स कंपनी शिकवणाऱ्या कंपनीला सगळे पैसे देऊन मोकळी होते, आणि तुम्ही देणं लागता ते फायनान्सवाल्याचं. म्हणजे मास्तरांच्या काळातलं गणित पूर्ण उलटं झालं बघा. शिकवणाऱ्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल, आता पोरगं शिको न शिको, आणि दारात येणाऱ्या पोराचा इन्सेंटिव्ह तर सहीवरच. नो कॉस्ट हप्ता म्हणतात त्यात व्याज कुठंतरी लपलेलं असतंच, क्रेडिट कार्डाच्या झिरो टक्के हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच हे लिहून ठेवलंय, पण बैठकीत बसल्यावर रिझर्व्ह बँक कुणाला आठवते.

आता ते सेशन कसं चालतं ते सांगतो, आमच्या गल्लीतल्या एका घरी मीच बसलेलो म्हणून. वडील चादर कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, आई घरी विड्या वळते. आलेला पोरगा गोड, आईला ताई, वडिलांना काका, चहा घेतला, शेंगा चटणीचं कौतुक केलं. मग मुलाला विचारलं, नऊचा पाढा येतो का? आला. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं सूत्र? तेपण आलं. "व्हेरी गुड, आता सांग, त्यात एक छेद दोन का येतं?" पोरगं गप्प. सातवीतल्या कुठल्याही पोराला विचारा, दहातले नऊ गप्प बसतील, मीपण बसलो असतो. पण तिथं आईबाप समोर होते आणि तो हळूच म्हणाला, "बघा काका, पाठांतर आहे, कन्सेप्ट नाही, आता नाही केलं तर नववीत अवघड जाईल." मग टॅबवर व्हिडिओ, त्रिकोणाचा डबल करून आयत झाला, आणि खरं सांगू का, व्हिडिओ छानच होता. त्यात खोट नव्हती. खोट होती ती त्यानंतरच्या तासाभरात.

कारण आता दोघं पालक. बाप म्हणाला विचार करून सांगतो, तर तो आईकडं वळला, "ताई, तुमचं काय मत, मुलासाठीच आहे ना सगळं?" आई नाही म्हणेल कशी, नवऱ्यासमोर आणि पोरासमोर. एकटा बाप "घरी विचारतो" म्हणून सुटतो, एकटी आई "हे आले की बघू" म्हणून सुटते, ते दोन्ही दरवाजे आधीच बंद करून ठेवलेले असतात. मग मॅनेजरला फोन, स्पीकरवर, "सर, हुशार मुलगा आहे, काहीतरी स्कॉलरशिप द्या ना," आणि तिकडून खास आजच्यापुरती सूट. मग भागाकार, "दिवसाला ऐंशी रुपये पडतात काका, एवढे तर चहापाण्यात जातात." काकांचं चहापाणी ऐंशीचं नव्हतं, पण ते बोलले नाहीत.

इथं सोलापूरचं एक वेगळं आहे. लूमवरचा पगार आठवड्याला होतो, हप्ता कटतो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून. मार्केट मंदीत असलं की कारखाने तीन-चार दिवसच चालतात आणि खात्यात शिल्लक राहत नाही. एकदा हप्ता बाउन्स झाला की बँकेचा दंड वेगळा, फायनान्सचा वेगळा, आणि मग वसुलीचे फोन, ज्यात चेक बाउन्ससारखीच केस होईल असं सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे कारण २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंटच्या कायद्यात तसं कलम आहे. त्यामुळं टॅब कपाटावर धूळ खात पडला तरी माणूस हप्ता भरत राहतो, वेळ पडली तर बचत गटातून उचल घेऊन.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि या धंद्याला मोकळं रान मिळालं. घराघरात एकच मोबाईल, शाळेच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणारे फोटो. पोरगं मागं पडतंय हे सांगायला बाहेरून कुणी यायची गरजच नव्हती. विकणारेही आपलेच बरं का, इथून इंजिनिअरिंग करून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेली, दुसरी नोकरी नाही म्हणून सेल्समध्ये अडकलेली, रोज टार्गेटवरून ग्रुपवर शिव्या खाणारी. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, आलेला तो पोरगासुद्धा चार महिन्यांत नोकरी सोडून गेला.

नंतरचं बहुतेकांना माहीतच आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध करणारी सूचना काढली, फुकट म्हणून सुरू होतं आणि ऑटो डेबिट नाहीतर कर्जाच्या कागदावर जातं, नीट वाचा म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये बालहक्क आयोगानं बायजूसच्या प्रमुखांना बोलावलं, पालकांचे नंबर विकत घेऊन मागं लागतात, भविष्य बरबाद होईल म्हणून घाबरवतात असा आयोगाच्या अध्यक्षांचा आरोप होता, कंपनीनं नंबर विकत घेतल्याचं नाकारलं. पण जानेवारी २०२३ मध्ये घरी जाऊन विकणं बंद करतोय आणि घरचं उत्पन्न महिना २५ हजारांच्या खाली असेल तर विकणार नाही, असं कंपनीनंच जाहीर केलं. त्याआधी २०२०-२१ चे हिशेब फार उशिरा आले तेव्हा तोटा साडेचार हजार कोटींच्या वर निघाला, आणि कारणांपैकी एक असं होतं की कोर्स दोन-तीन वर्षांचा असेल तर उत्पन्नही तेवढ्या काळात वाटून दाखवायचं ठरलं. जुलै २०२४ ला कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ती क्रिकेट बोर्डाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून. पालकांच्या तक्रारींवरून नाही.

कंपनी एक बसली म्हणून पद्धत बसली असं काही झालं नाही. आता घरी येण्याऐवजी व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून तेच चालतं, दोघं पालक कॅमेऱ्यात बसवून.

कायद्याचं म्हणाल तर घरी येऊन विकलेल्या शिकवणीचा सौदा अमुक दिवसांत रद्द, असा जपानसारखा थेट नियम आपल्याकडं नाही. २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत, ओळखपत्र आणि आधी वेळ घेतल्याशिवाय घरी जायचं नाही असं त्यात आहे, पण ते एजंटांच्या जाळ्यातून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जाला किमान तीन दिवसांची माघारीची मुदत दिली, अमेरिकेचाच आकडा, आणि २०२५ मध्ये ती किमान एक दिवसावर आली. बरं ती मुदत कर्जाची, कोर्सची नाही. कर्ज सोडायचं तर मुद्दल परत करायला लागतं, आणि मुद्दल तर तुमच्या हातात आलेलंच नसतं, ते आधीच शिकवणाऱ्या कंपनीकडं गेलेलं असतं. तिनं रिफंड दिला तर तुम्ही सुटणार.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट २०१९ च्या ग्राहक कायद्यात आहे. कंपनी बेंगळुरूची असली तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे सोलापुरातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. त्या जॉबर काकांनी अजून केलेली नाही, अर्धा दिवस खाडा करावा लागेल म्हणतात, आणि हप्ते आता थोडेच राहिलेत.