रक्तपेशींना खूण करून पक्षाघाताचा माग

पक्षाघाताच्या रुग्णाच्या स्कॅनवर मेंदूचा कोणता भाग निकामी झाला ते दिसते. ज्या गुठळीने हा घात केला ती कुठून सुटून आली, तिथे अजून गुठळी वाढते आहे का, आणि रक्त अडल्यावर त्या जागी कोणत्या पेशी धावून गेल्या, हे त्या चित्रावरून सांगणे अवघड. हे प्रश्न पेशींच्या हालचालींचे आहेत. म्हणून शास्त्रज्ञांनी पेशींनाच विचारायचे ठरवले. रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातल्या हव्या त्या पेशींना किरणोत्सारी खूण करायची, त्या परत त्याच्याच शरीरात सोडायच्या आणि बाहेरून कॅमेऱ्याने त्यांचा माग काढायचा.

तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ने खूण करण्याची पद्धत १९५० साली ग्रे आणि स्टर्लिंग यांनी मांडली. पेशी किती दिवस जगतात ते त्यामुळे मोजता येऊ लागले. पण क्रोमियमच्या दर शंभर विघटनांमागे जेमतेम दहा गॅमा किरण निघतात. तेवढ्यावर चांगले चित्र उठत नाही.

वाट मोकळी केली ती इंडियम-१११ या दुसऱ्या किरणोत्सारी धातूने. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये मॅथ्यू ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७च्या सुमारास हे तंत्र बसवले. त्यातली रसायनाची युक्ती मला फार आवडते. इंडियमचा आयन विद्युतभारित असतो आणि पेशीचे आवरण असते स्निग्ध, त्यामुळे तो आपला आपण आत शिरत नाही. ऑक्सीन नावाच्या रेणूंपैकी तीन रेणू त्याला वेढून घेतात आणि हे गाठोडे आवरणातून सहज आत सरकते. आत गेल्यावर इंडियम ऑक्सीनला सोडून पेशीतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो. ऑक्सीन बाहेर पडते, इंडियम आतच राहतो.

अडचण अशी की ही खूण पेशीची जात पाहत नाही. समोर येईल त्या पेशीत ती शिरते. म्हणून प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशींना, खूण करायची तर आधी त्या वेगळ्या काढाव्या लागतात. रक्त आधी सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवले की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा भाग काढून घेऊन पुन्हा जोरात फिरवला की प्लेटलेट्सचा साका मिळतो. भोवतालचा प्लाझ्माही काढून टाकावा लागतो, कारण त्यातले ट्रान्सफेरिन हे प्रथिन इंडियमला अधाशासारखे पकडते. आणि हे सगळे अगदी अलगद करायचे. प्लेटलेट्सचे कामच मुळी चिथावणी मिळताच चिकटण्याचे. हाताळणीत त्या दुखावल्या तर परत सोडल्यावर नीट फिरत नाहीत, चित्र फसते. ज्या तंत्रज्ञांच्या हाताला हे वळण असते त्यांचे नाव शोधनिबंधात क्वचितच येते, पण निकाल त्यांच्याच हातात असतो.

पेशी परत सोडल्यावर थांबावे लागते, एक दिवस, कधी तीन दिवस. सुरुवातीला सगळे रक्तच उजळलेले असते. हळूहळू खुणेच्या प्लेटलेट्स गुठळीवर जमतात, वाहत्या रक्तातल्या कमी होतात, आणि मग गुठळी उठून दिसते. प्लेटलेट आठ ते दहा दिवस जगते, इंडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, २.८ दिवस. दोन्ही वेळा एकमेकांना पुरतात.

सर्वात समाधानकारक निकाल हृदयातून आले. मोठा हृदयविकाराचा झटका आल्यावर डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत नीट आकुंचन पावत नाही, तिथे रक्त साचते, गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूकडे जाऊ शकतो. येल विद्यापीठात मायकल इझेकोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ही पद्धत आणि सोनोग्राफी शेजारी ठेवून पाहिली. सोनोग्राफी गुठळीचा आकार दाखवते. खुणेच्या प्लेटलेट्स सांगतात की ती अजून नव्या पेशी ओढते आहे. जुनी, शांत झालेली गुठळी या कॅमेऱ्याला दिसतच नाही. माझ्या मते इथेच या तंत्राचे खरे मोल आहे.

मानेतल्या कॅरोटिड धमनीत मात्र इतके स्पष्ट यश आले नाही. तिथली गुठळी बारीक, आणि धमनीतून उजळलेले रक्त सतत वाहत असते. त्या गदारोळात बारीकसा ठिपका ओळखणे कठीण जाते.

पुढचा प्रश्न पांढऱ्या पेशींचा, विशेषतः न्यूट्रोफिलचा. १९८६ साली हॅलेनबेक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात इंडियमची खूण केलेल्या न्यूट्रोफिल वापरल्या. मेंदूच्या ज्या भागात रक्त कमी पोहोचत होते तिथे त्या पहिल्या काही तासांतच जमा झाल्या. केंब्रिजच्या गटाने २००४ साली रुग्णांमध्ये दाखवले की २४ तासांच्या आत त्या येतात आणि पुढे त्यांचे येणे ओसरते.

मग साहजिकच वाटले की मेंदूची नासधूस याच पेशी करतात, त्यांना अडवले की रुग्ण वाचेल. एन्लिमोमॅब हे प्रतिपिंड न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीवर चिकटू देत नाही. २००१ साली त्याचा ६२५ रुग्णांवरचा निकाल आला, तेव्हा औषध घेतलेल्यांची अवस्था उलट जास्त वाईट निघाली. हे प्रतिपिंड उंदराचे होते, त्यानेच दाह वाढवला असण्याची शक्यता आहे. २००३ साली न्यूट्रोफिल अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची ९६६ रुग्णांवर चाचणी झाली. त्याचाही उपयोग झाला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची नसेल तर एखादी पेशी घटनास्थळी सापडली एवढ्यावर तिला दोषी धरता येत नाही. खूण फक्त पेशी कुठे आहे ते सांगते. ती तिथे काय करते आहे, हे वेगळ्या प्रयोगांनी शोधावे लागते.

अस्थिमज्जेच्या पेशींनी पक्षाघात बरा करण्याच्या प्रयत्नांतही हेच तंत्र कामी आले. भारतात अनेक रुग्णालयांनी मिळून १२० रुग्णांवर चाचणी केली आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेच्या पेशी शिरेवाटे दिल्या. २०१४ साली निकाल आला, उपचार सुरक्षित होता पण फायदा दिसला नाही. त्या सुमारास ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या डॉक्टरांनी अशाच पेशींना टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याची खूण करून त्या कुठे जातात ते पाहिले. दोन तासांनी घेतलेल्या चित्रांत मेंदूत थोड्याच पेशी होत्या. शिरेतून दिलेल्या पेशी फुप्फुसात जास्त अडकल्या होत्या, धमनीतून दिलेल्या यकृत आणि प्लीहेत.