बेड की लॅमिना? एका सेंटीमीटरमागची भानगड

कोल्हापूरकरांना थर म्हटलं की पन्हाळा नाहीतर जोतिबाचा डोंगर आठवतो, पण ते पडले लाव्हाचे. गाळाच्या खडकातलं स्तरण बघायचं तर गोकाकचा धबधबा नाहीतर सरळ बदामी गाठायची, आणि तिथं फील्डबुक उघडलं की पहिल्याच ओळीला अडतंय, समोरच्या थराला बेड लिहू का लॅमिना, म्हणजे बारीक परत.

खालचा थर आधीचा, हे १६६९ पासून छापील आहे. पण पुढची पावणेतीनशे वर्षं वर्णन ज्याच्या त्याच्या मनाचं, एकाचा जाड थर दुसऱ्याला पातळ, निम्मे शब्द खाणीवरून उचललेले. १९५३ ला एका अमेरिकन शोधनिबंधानं हे जरा आवरलं, एक सेंटीमीटरच्या वर बेड, खाली लॅमिना, तिरप्या थरांनाही तोच कायदा. लगेच १९५४ ला थर पातळ का जाड हे ठरवायला १, ३, १०, ३०, १०० सेंटीमीटरच्या टप्प्यांची पट्टी आली आणि ती टिकली, कारण टेप लावला की उत्तर हातात, डोकं चालवायला नको.

पण मेख त्या एक सेंटीमीटरातच आहे. समजा वाळूखडकात अर्ध्या मीटरचा क्रॉस-बेडेड सेट, म्हणजे तिरप्या थरांचा एक गठ्ठा आहे, आत फोरसेट, म्हणजे ते तिरपे थर, दोन-दोन सेंटीमीटरचे. कायद्यानं प्रत्येक फोरसेट बेड, म्हणजे बेडच्या पोटात बेड! आणि तोच फोरसेट खाली निमुळता होत अर्ध्या सेंटीमीटरवर आला की लॅमिना? १९६७ ला एकानं नेमकं हेच धरलं, की जाडी सोडा, लॅमिना म्हणजे बेडच्या आतली सगळ्यात लहान परत, आणि बेड मग मिलिमीटरचाही असेल नाहीतर कित्येक मीटरचाही. मला हेच पटतं. फक्त कुठली परत कशाच्या आत हे ठरवायला थर कसा साचला याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि वर्णनात अंदाज घुसला की दोघांची फील्डबुकं जुळत नाहीत, हा आक्षेपही काय अगदीच खोटा नाही.

निकाल लागलाच नाही. पाठ्यपुस्तकांत एक सेंटीमीटर राहिला, तर तेलवाल्यांनी १९९० च्या सुमारास सिक्वेन्स स्ट्रॅटिग्राफीत, म्हणजे समुद्रपातळीच्या चढउतारावरून थरांचे गट पाडायच्या पद्धतीत, लॅमिना, लॅमिनासेट, बेड, बेडसेट अशी १९६७ ची उतरंडच घेतली. त्यात बोअरहोलच्या भिंतीचे इमेज लॉग, म्हणजे उपकरणानं घेतलेली चित्रं, आली, आता ड्रोनचे थ्रीडी मॉडेल, त्यात पिक्सेलपेक्षा बारीक लॅमिना दिसतच नाही, मग अख्खा पट्टा मॅसिव्ह, म्हणजे आत थरच नसलेला, म्हणून नोंदवला जातो. म्हणून लॉगशीटवर जाडी आकड्यातच लिहायची, आणि बेड कुठल्या अर्थानं वापरलाय ते कॉलमच्या डोक्यावर.