‘एअर फोर्स वन’ हे विमानाचं नाव नाही

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांवरचे सिनेमे पाहून बऱ्याच जणांचा समज होतो आणि तसे फॉरवर्डही फिरतात, की ‘एअर फोर्स वन’ हे एका खास विमानाचं नाव आहे. खरं तर ती रेडिओवरची हाक. राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या ज्या विमानात असतील, त्याला नियंत्रण कक्ष या नावानं पुकारतो. ते नसतील तर हाक वेगळी.

पडताळायचंय? ९ ऑगस्ट १९७४ चं उड्डाण शोधा. राजीनामा दिलेले राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन कॅलिफोर्नियाला निघाले होते. बाराच्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा शपथविधी झाला आणि हवेतच हाक बदलली: ‘सॅम २७०००’ (सॅम म्हणजे ‘स्पेशल एअर मिशन’, पुढे विमानाचा क्रमांक). विमान तेच, प्रवासीही तेच!

(हेलिकॉप्टर मरीन दलाचं असेल, तर हाक ‘मरीन वन’. सिनेमावाले हे मात्र बहुधा बरोबर दाखवतात.)